हात पोचत नाही तिथे

जमुनाने लाटणे आडवे करून भिंतीशी धरले आणि त्यावर पाठ टेकली. गुडघे थोडे वाकवले, पुन्हा ताठ केले. लाटणे कण्यावरून चढले, उतरले आणि दोन खवाट्यांच्या मधोमध येऊन अडले. तिने डोळे मिटून घेतले. स्वयंपाकघराचे दार लोटलेले होते. बाहेर तिच्या मुलाच्या, प्रितेशच्या हळदीचा मांडव उभा राहत होता, टेम्पोतून बांबू उतरत होते, आणि प्रत्येक बांबू आदळला की त्याचा हादरा फरशीतून, भिंतीतून, लाटण्यातून तिच्या मणक्यात शिरत होता.

"काकी, येतेस ना? पाट मांडलाय मी."

रुतिकाची हाक ऐकताच जमुनाने लाटणे पोळपाटावर टाकले, पदर सारखा केला आणि काहीतरी शोधायला आत गेली होती अशा चेहऱ्याने बाहेर आली.

रुतिका दिराची मुलगी. ऐरोलीच्या एका कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसायची, आणि गेले दोन लग्नसराईचे हंगाम जमुनाच्या मागे मोबाइल धरून उभी राहायची. कोपरखैरण्याच्या गावठाणात कुणाच्याही घरचे लग्न जमुनाच्या धवल्यावाचून लागत नसे. हळदीपासून सुरू होणारे ते लांबलचक गाणे, एकेका विधीला एकेक ओवी, ते तिला सासूने दिले होते. पण वरमाईने स्वतःच्या मुलाचा धवला बोलायचा नाही, ही या घरची रीत. म्हणून उद्या धवलारणीच्या पाटावर रुतिका बसायची होती. पहिल्यांदाच.

"बोल," जमुना म्हणाली आणि खिडकीच्या कठड्याला टेकली. मग तिथून उठून खुर्चीवर बसली. खुर्चीवरून पलंगाच्या कडेवर.

तिला कुठेच बसवत नव्हते. दुखण्याला ठरलेली वेळ नव्हती, ठरलेला आकारही नव्हता. कधी ते मागे खिळ्यासारखे एकाच ठिकाणी ठोकलेले असे, कधी बरगड्यांच्या आतून वळसा घेत छातीवर येई आणि होडीचा दोर खुंटाला आवळावा तसे तिला आवळून धरी. आणि जागा तरी कशी! वरून खांद्यावरून हात टाकला तर बोटे दोन अंगुळे अलीकडे राहत, खालून कमरेकडून नेला तर दोन अंगुळे पलीकडे. स्वतःच्याच देहात एक परका मुलूख असावा, आणि तिथला कर मात्र रोज भरावा लागावा, असे काहीसे ते होते.

रुतिकाने कलशासमोर मांडी घातली, घसा साफ केला आणि सूर लावला. आवाज चांगला होता. थोडा कोवळा, पण चालीला धरून.

*खारीचे बांधाव पिकली हलद,*
*हलदीला रंग चरला गो…*

ती थांबली. वाटीतले चिमूटभर तांदूळ उचलून कलशावर सोडले. मग पुढे गेली.

*…सोन्याचा, सोन्याचे पावलांनी येल नवरीबाय.*

जमुनाला वाटले, पोरगी विसरली. पुढच्या ओवीला रुतिका पुन्हा तिथेच थांबली. पुन्हा तांदूळ. तिसऱ्या ओवीला जमुना पलंगावरून उठली होती.

"थांबतेस कनाला?"

"कुठं?"

"'चरला गो' बोलून."

"तिथं तांदूळ टाकायचे ना." रुतिका हसली. "काकी, परीक्षा घेतेस काय माझी? हे बघ."

तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर गेल्या वर्षीचे कुठलेसे लग्न, पिवळ्या साड्यांची दाटी आणि मधोमध स्वतः जमुना. तिचा आवाज ओवीवर चढत गेला, 'चरला गो'पर्यंत आला आणि तुटला. पडद्यावरची जमुना शांतपणे पुढे वाकली, तिने तांदूळ घेतले, कलशाच्या काठावर सोडले. मग पुढचा शब्द.

किती देखणे दिसत होते ते! जमुना पाहत राहिली. त्या नीरवतेत काय होते ते या खोलीत फक्त तिला माहीत होते. श्वास भरायला गेले की बरगड्यांचा पिंजरा फुगे आणि मागचा खिळा आत जाई. त्या ओवीचा श्वास 'सोन्याचा'पर्यंत पुरवायचा असतो, आणि तो तिथवर पुरेना. धवला मध्येच तुटणे चांगले नव्हे. चुलीवरचे दूध आणि तोंडातला धवला सोडून उठू नये, असे सासू म्हणायची. म्हणून एकदा, घाबरीघुबरी होऊन, तिने हाताला लागले ते तांदूळ उचलले होते. कुणालाच काही कळले नाही. मग दुसऱ्या लग्नात. मग प्रत्येक लग्नात.

"बोनकोड्याची धवलारीन पन आता तशीच टाकते," रुतिका अभिमानाने सांगत होती. "मी विचारलं तर बोलली, ही कोपरखैरण्याची रीत हाय."

"आनि बरीच हाय ती रीत." हे दारातून. शेजारच्या शकुबाई सुपात आंब्याची पाने घेऊन आल्या होत्या. जमुनाच्या सासूच्या मैत्रीण, आणि गावठाणातली बातमी त्यांच्या ओटीवरूनच पुढे जायची. "जमने, तुझे सासूला येवरी अक्कल नव्हती गो. ती आपली सुसाट बोलायची. ह्या कसा, तांदूल पर्लं का बायांना पदर नीट कराला सवड मिलते."

रुतिका खो खो हसली. जमुनाही हसली, आणि हसताना बरगड्या आवळल्या म्हणून जिन्याकडे वळली.

गच्चीच्या पायऱ्यांवर तिचा नवरा रोहिदास दिव्यांच्या माळा सोडवत बसला होता. तुर्भ्याच्या कारखान्यात तीस वर्षे फिटर म्हणून काढलेली बोटे वायरीच्या गाठींशी झोंबत होती. जमुना त्याच्या शेजारी बसली, उठली, कठड्याला पाठ घासून उभी राहिली.

"पोरगी चुकीचा बोलते."

"मग सांग तिला."

"काय सांगू?"

"खरं हाय ते सांग."

"खरं सांगितलं का उद्यापासून पाट दुसरीला. बोलतील, जमनाला बसवत नाय, कनाला तरास देताव तिला. लय माया करतील."

"माया काय वाईट?"

"छातीचं निघालं तवा केली ना माया. नंतर?"

रोहिदास गाठीकडे पाहत राहिला. नंतरचे त्यालाही आठवत होते. पहिल्यांदा ती कळ छातीवर आली तेव्हा हृदयाचेच म्हणून तिला वाशीला नेले होते, आणि अर्धे गावठाण रुग्णालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसले होते. बायकांनी देवीला नवस बोलले. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघाले. मग दुसऱ्या डॉक्टरांनी पडद्यावर तिचा कणा दाखवला: छातीच्या मागच्या मणक्यांमधली गादी सरकलेली, नसेला टेकलेली. शस्त्रक्रियेचे नाव नको, व्यायाम करा, हे आता सोबत राहील. ती घरी आली तर ओटीवर कुणीतरी म्हणाले, "मनकाच ना? मना वाटलं काय आनि काय." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि आपापली भांडी घेऊन सगळे घरी गेले. महिन्याभराने तिनेही सांगून टाकले, बरी झाले.

तेव्हापासून व्यायामाच्या उपचारांना वाशीला जायचे ते 'मार्केटात जाते' म्हणून. आणि मार्केटात गेलेली बाई रिकाम्या हाताने कशी परतणार? म्हणून दर खेपेला रोहिदासने एपीएमसीतून कांदे उचलून आणायचे. घरात माणसे दोन-तीन, आणि पलंगाखाली कांद्यांचा ढीग. शकुबाई एकदा म्हणाल्याही होत्या, "रोहिदास, हाटेल काढतंस कं काय?"

"राहू दे मग," तो आता म्हणाला. "चार तांदूळ पर्ल्यानं काय बिघरतं?"

खाली मांडवाचा पहिला खांब उभा राहत होता आणि घरातून रुतिकाचा आवाज येत होता. चरला गो. शांतता. सोन्याचा. पुन्हा: चरला गो. शांतता. त्या शांततेच्या लांबीत तसूभरही चूक नव्हती. पोरीने ती श्वासासकट पाठ केली होती. जमुनाच्या दोन खवाट्यांमधले ते दुखणे आता चोवीस वर्षांच्या निरोगी गळ्यात जाऊन बसले होते, आणि तिथून ते आणखी कुठे कुठे जाणार होते. रुतिकाच्या मुलीच्या तोंडी. बोनकोड्यात. घणसोलीत. ज्यांच्या पाठीला काही झालेले नाही अशा बायका त्या जागी थांबतील, आणि कुणीतरी विचारले तर म्हणतील, रीत हाय.

सासू सुसाट बोलायची. ओवी तिच्या तोंडून उधाणाच्या पाण्यासारखी निघायची, बांध दिसायचाच नाही.

जमुना पायऱ्या उतरू लागली. भिंतीला हात लावून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. कुणी पाहत असले की ती असे उतरत नसे.

रुतिका एकटीच होती. शकुबाई पाने बांधायला मांडवात गेल्या होत्या.

"सरक जरा," म्हणत जमुना जमिनीवर बसली, तिच्याकडे पाठ करून. "हात दे तुझा."

"काय झालं?"

"दे ना गो."

मागे नेलेल्या हाताने तिने पोरीचे मनगट पकडले, पण त्या जागेपर्यंत तो हात नेणे तिला जमेना. "वर घे. अजून. मधी. हां. आता दाबून धर नि काढू नको."

रुतिकाचा तळवा थंड होता. ब्लाउजच्या कापडावरूनही तो जाणवला. जमुनाने सूर लावला, हलकाच, मांडवात जाऊ नये इतका. खारीचे बांधाव पिकली हलद. तळव्याखाली पाठ फुगत गेली. हलदीला रंग चरला गो—

तिथे पाठ दगड झाली. दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळून वर आले, काहीतरी आत थरथरले, आणि श्वास अर्ध्यावर थांबला. रुतिकाने चटका बसल्यासारखा हात उचलला.

"काढू नको बोलले ना."

हात पुन्हा आला. या वेळी तो हलका होता, आणि त्याला जागा शोधावी लागली नाही. पाठ हळूहळू सैल झाली. "सोन्याचा," जमुना म्हणाली. सुरात नव्हे, नुसतेच.

मागून वाटीतले तांदूळ चाळवल्याचा आवाज आला.

"म्हणजे तांदूळ…"

"हाताला लागले म्हनून टाकले."

"आनि ते कांदे?" रुतिकाच्या आवाजात हसू होते की दुसरे काही, ते पाठ करून बसलेल्या जमुनाला दिसले नाही. "काकी, मी सगल्यांना बोलत होते, माझी काकी काय थांबते, काय थांबते…"

"आता तू बोल. एका दमात. माझे सासूसारखा."

"मी तिचा कधी ऐकलाच नाय."

"मी ऐकलाय. चुकलीस तर सांगीन."

रुतिकाने वाटी दूर सारली. एक हात जमुनाच्या पाठीवर तसाच राहिला. तिने श्वास घेतला, दीर्घ, खोल, कुठेही न अडखळणारा, आणि जमुनाला तो स्वतःच्या पाठीवर ऐकू आला. खारीचे बांधाव पिकली हलद. हलदीला रंग चरला गो सोन्याचा, सोन्याचे पावलांनी येल नवरीबाय.

मध्ये काहीच नव्हते. जमुनाने वाट पाहिली होती, अंग आवळून धरले होते, आणि ती जागा येऊन निघूनही गेली होती.

"तांदूल नाय टाकलंस ते?"

शकुबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. उरलेली पाने सुपात तशीच होती. रुतिकाने हात काढून घेतला, तोंड उघडले आणि काकीकडे पाहत मिटले. सांगायचे ते तिने काकीच्याच हवाली केले होते.

जमुनाला जमिनीवरून उठण्याची एक युक्ती साधलेली होती. निऱ्या सारख्या करायच्या निमित्ताने एक गुडघा टेकायचा, पलंगाचा पाय धरायचा, काहीतरी बोलत राहायचे. बोलणाऱ्या बाईच्या उठण्याकडे कुणाचे लक्ष नसते. तिचा हात निऱ्यांकडे गेला. तिथे क्षणभर घुटमळला.

मग तिने तो उचलून शकुबाईंच्या दिशेने पुढे केला.

"शकुबाय, उठव मना. पाठीनं उठवत नाय."

शकुबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा रुतिकाकडे पाहिले. मांडवात कुणीतरी खिळा ठोकत होते. त्यांनी सूप खाली ठेवले, पदराला दोन्ही हात पुसले आणि पुढे येऊन वाकल्या.

"कंच्या बाजूनं धरू?"