शेवटचं विधान

"हे शेवटचं विधान गाळा, हुकेमाबाई," प्रोफेसर फान रोसम म्हणाले.

प्रबंधासोबत छापील विधानांचा एक सुटा कागद जोडायचा आणि त्यातलं शेवटचं हलकंफुलकं ठेवायचं, ही नेदरलँड्सच्या विद्यापीठांची जुनी रीत. येत्स्के हुकेमाचा प्रबंध स्पार्टातल्या बायकांच्या जमिनींवर होता. १९३६च्या मार्चमध्ये तिने शेवटी छापलं होतं: "स्पार्टात लग्नानंतरही बाईची जमीन तिच्याकडेच राहत असे. आपल्याकडे लग्नानंतर शिक्षिकेकडे तिचा फळाही राहत नाही." शिक्षिका असो की दुसरी सरकारी नोकरदार बाई, लग्न केलं की तेव्हा सरकारी नियमाने तिची नोकरी जायची.

"रीत विनोदाची आहे."

"विनोद सरकारने केलाय, प्रोफेसर. मी फक्त छापलाय."

"अहो, सहायकाची जागा धरून ठेवलीय मी तुमच्यासाठी. उन्हाळ्यात लग्न करताय, त्याकडेही डोळेझाक करीन."

"डोळेझाक कशाला? उघड्या डोळ्यांनी द्या ना."

प्रोफेसरांनी पाइप आपटून राख झाडली. "बरं, राहू दे छापलेलं. त्यावर तुम्हाला कोणी विचारणार नाही, एवढं मी बघतो. आणि न विचारलेलं बोलायची मुभा उमेदवाराला नसते."

तसंच झालं. जाहीर परीक्षेच्या दिवशी काळ्या झग्यांतल्या प्राध्यापकांनी शिलालेखांवर, नाण्यांवर, तळटिपांवर लांबच लांब प्रश्न विचारले. पाऊण तास भरला की दंडधारी आत येणार, दंड आपटून वेळ संपल्याचं लॅटिनमध्ये पुकारणार. मग कुणीच बोलायचं नाही, वाक्य अर्धं राहिलं तरी. पहिल्या रांगेत हार्लिंगेन बंदराहून आलेले तिचे वडील, मालवाहू होडीचे तांडेल, घट्ट कॉलरमध्ये घामाघूम बसले होते.

शेवटी प्रोफेसर ओल्डनकांप उठले. "अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, जमिनी बायकांच्या हाती गेल्या आणि स्पार्टा खिळखिळं झालं. ही धोक्याची सूचना तुम्हाला मान्य आहे की नाही?"

फान रोसमांनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. येत्स्केने पाण्याचा घोट घेतला. घड्याळाकडे पाहिलं. आणखी एक घोट घेतला.

"सूचना कोणासाठी, यावर ते अवलंबून आहे," ती म्हणाली. "माझं उत्तर माझ्या शेवटच्या विधानात आहे." आणि तिने ते सावकाश, मोठ्याने वाचलं.

"हा विषयच नाही!" ओल्डनकांप उसळले. "मी तुम्हाला दाखवून देतो की—"

दार उघडलं. दंड फरशीवर आदळला. "होरा एस्त!"

ओल्डनकांप तोंड उघडं ठेवून खाली बसले.

"आता त्यांना उत्तर देता यायचं नाही होय?" वडिलांनी शेजारच्याला विचारलं. सभागृहभर ऐकू गेलं. "झकास नियम आहे की!"

पदवी मिळाली. गुंडाळी हातात देताना फान रोसम हलक्या आवाजात म्हणाले, "जागा मात्र गेली. एका वाक्यापायी."

"ते गाळलं असतं, प्रोफेसर, तर तुम्ही नेमलेली ती बाई मी उरले असते का?"



उन्हाळ्यात ठरल्याप्रमाणे तिने डाउवेशी लग्न केलं. शरद ऋतूत हार्लिंगेनला शिडं शिवणाऱ्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली: डॉक्टर येत्स्के हुकेमा, प्राचीन इतिहास, कोणीही यावं. पहिल्या संध्याकाळी कोळंबी सोलणाऱ्या बायका आल्या. खोलीत खारा वास पसरला.

"डॉक्टरबाई," एकीने बसायच्या आधीच विचारलं, "त्या स्पार्टावालीचा नवरा जमिनीवरून कुरकुर करायचा का हो?"

"करायचा असेल. पण लिहून ठेवणारे सगळे पुरुषच होते," येत्स्के म्हणाली आणि खडू उचलला.