पाचपैकी पाच

तेजल आमच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर राहते. लहानपणी माझ्या कपाटातली पुस्तकं न्यायची. आता मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रबंधासाठी तिला एकटी राहणारी दहा म्हातारी माणसं हवी होती. आठ आठवडे, दर गुरुवारी सोसायटीच्या हॉलमध्ये माइंडफुलनेसचा वर्ग आणि प्रत्येक वर्गानंतर एक फॉर्म. तिनं मला विचारलं याचंच अप्रूप वाटलं. मी कुणाच्या उपयोगी पडेन असं मला सहसा वाटत नाही.

पहिल्या गुरुवारी तिनं प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला आणि तो तीन मिनिटं खायला सांगितलं. आमच्या गटातला गोटीराम म्हणाला, एवढ्या वेळात आमच्या दिंडोरीत द्राक्षाचं एक झाड छाटून होतं. सगळे हसले, तीही.

दुसऱ्या गुरुवारपासून श्वास. डोळे मिटायचे, श्वास येतो-जातो तिकडे नुसतं लक्ष द्यायचं. इतरांना गुण येत होता. गोटीरामला तर किती वर्षांनी सलग झोप लागू लागली होती. माझं वेगळंच झालं. संध्या, माझी बायको, शेवटचे अकरा दिवस दवाखान्यात होती आणि मी खाटेशेजारी बसून तिचे श्वासच पाहत होतो. आता डोळे मिटले की माझा श्वास तिचा व्हायचा, आणि मी पुढचा येतो का याची वाट बघत राहायचो. घरी आल्यावरही ते सुटेना.

'किती शांत वाटलं? एक ते पाच.' मी दर वेळी पाच लिहिले. पोहे कसेही झाले असले तरी मुलगी बघायला गेलेला माणूस छानच म्हणतो, त्यातला प्रकार.

सहाव्या आठवड्यानंतर ती आनंदानं वर आली. सगळ्यात जास्त फरक तुमच्यातच पडलाय, म्हणाली. म्हणून सावळीरामकाकांनाही पुढच्या गटात घेणार आहे. सावळीराम माझा मित्र. त्याची बायको साळूबाई दिवाळीत दम्यानं गेली, त्याच्या डोळ्यांदेखत.

मी चहा ठेवला, तो उतू घालवला, आणि मग सगळं सांगून टाकलं.

तिनं उठून गॅस बंद केला.

"काका, त्रास होत होता तर थांबायचं होतं. पहिल्या दिवशी सही घेतली त्या कागदावर लिहिलं होतं."

भेळेचा कागदसुद्धा वाचणारा माणूस मी. तिचा कागद न वाचताच सही केली होती. तिचा होता म्हणून. मी म्हटलं, माझे फॉर्म फाडून टाक, नाहीतर तुझा निकाल बिघडेल.

"बिघडू दे. त्रास झाला हेही लिहायचं असतं. नाहीतर पुढच्याला कसं कळणार?" मग हळू आवाजात म्हणाली, "ओळखीच्या माणसाला घेतलं, ही चूक माझीच."

तिनं तिथूनच तिच्या सरांना फोन करून सगळं सांगितलं. सावळीरामला आधी एकटं भेटून काय काय होऊ शकतं ते सांगायचं, मग त्यानं ठरवायचं, असं ठरलं. मला म्हणाली, तुम्ही आता डोळे मिटून बसायचं नाही. काकूंबद्दल जाणत्या माणसाशी बोलायचं. मी नाही, मी अजून शिकतेय. उद्या एका समुपदेशकांकडे घेऊन जाते.

मग तिनं पुन्हा खरं खरं भरायला कोरे फॉर्म पुढे ठेवले. मी पेन हातात धरून नुसता बसलो. ती उठली, गॅलरीत गेली आणि माझ्याकडे पाठ करून दोरीवरचे माझे वाळलेले कपडे काढू लागली. एकेक, अगदी सावकाश.

तेव्हा कुठे मी 'एक' लिहिला.