चढलेला रुपया आणि हौसाबाईचा सोऱ्या

मित्रांनो, दिवाळीत तुम्ही कुडुमकुडुम चकली खाता. पण तिला ते सुरेख काटे कुणी दिले, हा प्रश्न तुमच्या मनात कधी येतो का? नाही ना येत? मला ठाऊक आहे. ते काटे मी दिले. मी पितळेचा सोऱ्या, वय वर्षं बेचाळीस. वजनाने भारी आणि स्वभावाने जरासा फटकळ आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, मग फिरत्या चाकावर धरून मला घासूनपुसून गुळगुळीत केलं. त्या दिवशी माझं जे काही झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. हौसाबाईच्या मामाने मला कराडच्या बाजारातून घेतलं आणि तिच्या रुखवतात लाडवांच्या ताटाशेजारी मांडलं. सगळी वऱ्हाडी मंडळी मला उचलून बघत होती. कुणी म्हणालं, "पोरीपेक्षा सोऱ्याच वजनदार हाय की!" हौसाबाई तेव्हा अठरा वर्षांची, काडीसारखी होती.

लग्नानंतर ती कल्याणला चाळीत आली. नवरा आंबिवलीला कंपनीत कामाला होता. शेजारच्या खोलीत माया राहायची. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा तिच्या कडेवर वर्षाचा सम्यक होता आणि डब्यात मूठभर तांदूळ. रडत बसणारी बाई नव्हे ती! तिने भाजणी भाजली, हौसाबाईला हाक मारली आणि दोघींनी मिळून पाच किलो चकल्या केल्या. भाजणी मायाची, हात हौसाबाईचा, काटे माझे. चकल्या संध्याकाळपर्यंत संपल्या.

पुढची पंचवीस वर्षं मी कशी काढली, ते माझ्या दांडीला विचारा. चाळीतल्या खोलीतून आम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात आलो. भिंतीवर मायाने बाबासाहेबांचा फोटो लावला, हौसाबाईने शेजारी खंडोबाचा लावला. आता आठ बायका कामाला आहेत. बाकीच्यांचे सोरे नवे, अॅल्युमिनियमचे, हलके. बोलायला गेलं तर किरकिर करतात. पण मळलेल्या पिठाचा पहिला घाणा माझ्यातूनच निघायचा. हौसाबाई चकली पाडायची, तळायची, मोडून कानाशी धरायची, आणि आवाज पटला तरच बाकीच्यांना म्हणायची, "चला गं, लागा कामाला."

कल्याणच्याच गल्लीतला विनीत अमेरिकेत गेला, तिथे त्याने दुकान काढलं आणि आमच्या चकल्या मागवू लागला. दरवर्षी गुढीपाडव्याला फोनवर भाव ठरायचा. पाकिटाला दोन डॉलर, वर्षभर बदलायचा नाही. कागद नंतर व्हायचा, पण मायाचा शब्द आधी जायचा. एकदा शब्द दिला की ती मधेच भाव वाढवून मागणार नाही, हे विनीतला ठाऊक होतं. तिथली माणसं आमची चकली खाऊन आईची आठवण काढतात, असं तो सांगायचा. ते ऐकून मी दिवसभर फुगलेला असायचो.

आता सम्यक मोठा झाला. शिकला. परदेशी ऑर्डरी, बँक, बोटीने जाणारा माल, सगळं तो बघतो. गेल्या वर्षी पाडव्याला बँकेतल्या माणसाने त्याला सुचवलं होतं, की डॉलरचा दर आत्ताच पक्का करून ठेव, म्हणजे पैसे येतील तेव्हा बाजारात काही असलं तरी बँक तोच दर देईल. सम्यक हसला. "डॉलर काय, चढतच असतो. थांबलो तर आपलाच फायदा." पोरगा शिकलेला, त्याला कळत असेल, असं मायाला वाटलं. हुशार माणसं चुकतात तेव्हा अशीच ऐटीत चुकतात, हा माझा अनुभव आहे.

आणि झालं उलटंच. दिवाळीचा माल बोटीवर चढायच्या दिवसांत रुपया चढू लागला.

आमच्या गाळ्याला ही बातमी कशी कळली, ते ऐका. एका सकाळी हौसाबाई दिवा स्टेशनजवळच्या तिच्या खोलीवरून आली ती हातात पेढ्यांचा पुडा घेऊन! चेहरा नुसता फुललेला.

"घ्या गं, घ्या. तोंड गोड करा!"

"काय झालं काकू? उत्तमदादाचं लग्न ठरलं?" प्राचीने विचारलं. ही आमच्यातली सगळ्यात लहान, जिभेने सगळ्यात मोठी. उत्तम म्हणजे हौसाबाईचा मुलगा, मस्कतला असतो.

"अगं टीव्हीवर सांगितलं, आपला रुपया लई मजबूत झाला म्हणून! डॉलरला मागं रेटलं की त्यानं. मायाच्या धंद्याला आता काय कमी हाय?"

सगळ्यांनी पेढे खाल्ले. मायानेही एक घेतला. तिला बातमी आदल्या दिवशीच कळली होती, पण तिने पेढा पूर्ण खाल्ला आणि हौसाबाईच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात सम्यक आत आला. त्याचा डोळा लागला नव्हता रात्रभर, ते दिसतच होतं.

"मावशी, पेढे कसले वाटता? आपलं दिवाळं निघतंय!"

हौसाबाईचा हात पुड्यावरच थांबला. माझ्या इतक्या वर्षांच्या मालकिणीचा तो चेहरा मला बघवेना.

"ए, नीट बोल," माया सम्यकला म्हणाली. मग हौसाबाईजवळ बसली. "मावशी, विनीत आपल्याला दोन डॉलर देतो ना? ते बँकेत आले की त्यांचे रुपये होतात. रुपया मजबूत झाला म्हणजे एका डॉलरचे रुपये कमी येतात. पाच रुपये कमी झालेत. पाकिटामागे दहा गेले. आपल्याला सुटत होते बारा."

हौसाबाईने बोटांवर हिशेब केला. "म्हंजे उत्तम पैसे धाडतो तेबी?"

"तेही कमी भरणार. तिथला रियाल डॉलरलाच बांधलेला."

"आगं बाई! म्हंजे मी माझ्याच नुकसानीचे पेढे वाटले व्हय!"

प्राचीला हसू आवरेना. ती म्हणाली, "पण काकू, मी तर फोन घ्यायला थांबलेले. बाहेरून येतो ना, स्वस्त होणार. आणि आपलं सूर्यफुलाचं तेलही बाहेरूनच येतं. ते पण उतरेल."

"उतरेल गं," माया म्हणाली. "पण चढवताना दुकानदार एका रात्रीत चढवतो, उतरवायला महिना लावतो."

मित्रांनो, एकाच खोलीत एकीचं नुकसान आणि दुसरीचा फायदा, आणि दोन्ही एकाच रुपयामुळे! मी पितळेचा असून माझं डोकं गरगरलं. बाहेरून आणणाऱ्याची चंगळ, बाहेर विकणाऱ्याची पंचाईत. रुपया बिचारा चांगलाही नाही आणि वाईटही नाही. तुम्ही त्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात, त्यावर सगळं आहे.

पुढचे पंधरा दिवस गाळ्यात हसणं कमी झालं. माल तर पाठवायलाच हवा होता, शब्द दिलेला. सम्यक लॅपटॉपवर काहीतरी शोधत बसायचा आणि एक दिवस तो उडी मारून उठला. त्याला एक परदेशी यंत्र सापडलं होतं. पीठ घालायचं, बटण दाबायचं, की चकल्या आपोआप पडतात. एरवी आम्हाला परवडलं नसतं. पण रुपया चढल्यामुळे तेही स्वस्त झालं होतं.

"आई, सिंपल आहे. सहा जणींचं काम हे एकटं करतं. पगार वाचला की पाकिटामागचे दहा रुपये भरून निघतात. नाहीतर दिवाळीनंतर गाळ्याचं भाडं कुठून देणार?"

"सहा जणी म्हणजे कोण कोण?"

सम्यक खाली बघत म्हणाला, "चकली पाडणाऱ्या."

चकली पाडणाऱ्यांत पहिलं नाव हौसाबाईचं. ती तेव्हा मोरीत मला धूत होती. पाणी वाहत राहिलं आणि तिचा हात माझ्यावर तसाच राहिला. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, मस्कतचा पैसा आता कमी यायचा, आणि दिव्याच्या खोलीचं भाडं तिच्या पगारावर चालायचं. तिने नळ बंद केला. "आपलं दोघांचं वय झालं रं," एवढंच मला म्हणाली. मला भीती वाटली, मित्रांनो. सरळ सांगतो.

यंत्र बघायला माया आणि सम्यक ठाण्याजवळच्या कोलशेतला निघाले. तिथे विक्रेत्याचं मोठं गोदाम होतं. सम्यक नको म्हणत असताना मायाने हौसाबाईला सोबत घेतलं. "पीठ तिने मळलंय. कसं पडतं ते तीच सांगेल." हौसाबाईने मला पिशवीत घातलं. का, ते तिलाही माहीत नसावं.

प्रशांत नावाचा विक्रेता होता, गोड बोलणारा. त्याने आमचं पीठ यंत्रात घातलं आणि बटण दाबलं. मी पिशवीतून डोकावत होतो. मनातल्या मनात म्हणत होतो, तुटू दे रे देवा, फसू दे! पण नाही हो. टप टप टप, चकल्या पडत गेल्या. सगळ्या एकसारख्या गोल, काटे उभे. तिथल्याच कढईत तळल्या. मायाने एक उचलली आणि हौसाबाईच्या हातात दिली.

हौसाबाईने आता एकच शब्द बोलायचा होता. "मऊ पडली" म्हणाली असती, "तेल पितेय" म्हणाली असती, तरी काम झालं असतं. मायाने तिचंच ऐकलं असतं. हौसाबाईने चकली मोडली, कानाशी धरली, खाल्ली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साफ होता.

"चांगली झालीया. खोटं कशाला बोलू? माझ्या हातची अशीच व्हते."

सम्यकने मान वर केली. त्याने जे ऐकायची तयारी ठेवली होती, ते हे नव्हतं.

प्रशांत हात चोळत पुढे आला. "मॅडम, आजच बुक करा. हा भाव रुपया वर आहे तोवरच. उद्या रुपया उतरला की यंत्र महाग!"

"उतरेल म्हणता?" मायाने विचारलं.

"अहो, चढतो तो उतरतोच. आज ना उद्या."

"मग ऐका. रुपया उतरला की यंत्र महाग मिळेल, पण मिळेल." मायाने हौसाबाईचा हात धरला. "ही बाई एकदा घरी बसली, की मला कुठल्या भावाने परत मिळेल?"

यंत्र न घेताच आम्ही निघालो. रिक्षात सम्यक पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून बसला आणि थोड्या वेळाने मागे न बघताच म्हणाला, "मावशी, चूक माझी होती. दर पक्का करायला हवा होता." हौसाबाईने मागून त्याच्या केसांतून हात फिरवला. "आरं लेका, तुझं नाव सम्यक, म्हंजे अचूक, ठेवलं तवा पेढे मीच वाटले व्हते. माझे पेढे कवा कवा लवकर वाटले जातात." मागे बसलेली माया रडता रडता हसली.

ते वर्ष सोपं गेलं, असं मी म्हणणार नाही. मायाने दिवाळीपर्यंत घरी एक पैसा नेला नाही. तेलाचा भाव उतरला, पण महिनाभराने. त्यामुळे पाकिटामागे तीन-चार रुपये तरी वाचले. सम्यकने डोंबिवलीतल्याच दुकानांत माल द्यायला सुरुवात केली. इतकी वर्षं आमच्या चकल्या साता समुद्रापलीकडे जायच्या आणि फडके रोडवरच्या माणसाला त्यांची चवही ठाऊक नव्हती! पुढच्या पाडव्याला त्याने विनीतशी भाव ठरवला, आणि त्याच दिवशी बँकेत जाऊन डॉलरचा दरही पक्का केला. एकही बाई कमी झाली नाही. यंत्र पुढेमागे येईलही. माया म्हणते, आलं तर मावशी त्याची बटणं दाबायला शिकेल, पण घरी जाणार नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनवणी. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला माळ्यावर फेकू नका. धुऊन कोरडा पुसा, चकती हरवू नका. आणि उद्या मोठे होऊन तुम्ही कारखाने काढाल, परदेशी माल पाठवाल, तेव्हा रुपया कधी चढेल, कधी उतरेल. त्याचा हिशेब जरूर ठेवा, बँकेतल्या माणसाचंही ऐका. पण त्या दिवसाच्या भावावरून आपल्या माणसाला घरी पाठवू नका. खरं बोलून आपलीच भाकरी घालवायला तयार झालेली बाई मी कोलशेतच्या गोदामात पाहिली आहे, आणि तिला ती घालवू न देणारीही तिच्या शेजारीच उभी होती. मला त्या दोघींच्या हातांत राहायला मिळालं.