हार्ड डिस्क गेली, मी नाही

“मॅडम, हार्ड डिस्क गेली म्हणजे कॉम्प्युटरच गेला, असं असतं का?” हा प्रश्न वर्गात विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणीने, नम्रताने लावली होती. प्रियदर्शनीने तो विचारलाही. मॅडम म्हणाल्या, “घरी असेल असा एखादा, तर उठव आणि सोमवारी दाखव.”

मित्रांनो, तो घरचा एखादा म्हणजे मी. बिबवेवाडीतला एक जुना कॉम्प्युटर. बाबांनी तापकीर गल्लीतून एकेक भाग आणून मला जोडलं, तेव्हा प्रियदर्शनी जन्मलीही नव्हती. दहावीचा निकाल बघायला अख्खी सोसायटी माझ्यापुढे उभी राहायची. मग लॅपटॉप आला. माझी हार्ड डिस्क बंद पडली आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे साठू लागले.

“हा आता उठायचा नाही,” बाबा म्हणाले. “रविवारी भंगारवाला येतोय.”

“मग रविवारपर्यंत माझा,” ती म्हणाली.

तिने लॅपटॉपवर सी भाषेचा एक साधा कंपायलर घेतला, म्हणजे माणसाचं लिहिणं माझ्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. अक्षरं छापायची शाळेत शिकवलेली तयार आज्ञा लिहिली, ती पेनड्राइव्हवर घातली आणि तो मला लावला. पडदा काळाच. अगं बाई, त्या आज्ञेमागे विंडोज राबत असतं. नुकत्याच जाग्या झालेल्या माझ्याकडे कुठलं विंडोज?

शनिवारी नम्रता आली. “पैज मी लावली, शिक्षा या बिचाऱ्याला.”

“गप गं. बटण दाबल्या दाबल्या हा कुठल्याशा कंपनीचं नाव दाखवतो ना? विंडोजच्या आधीच. ते कोण छापतं?”

दोघी लॅपटॉपवर शोधू लागल्या. मीच छापतो, पोरींनो. ती कला माझ्याच एका चिपमध्ये आहे, पण ती मागायला असेंब्ली भाषेत, अगदी माझ्या कानाशी बोलावं लागतं. प्रियदर्शनीने तेवढ्या ओळी असेंब्लीत लिहिल्या, असेंबलर नावाच्या प्रोग्रॅमने त्या माझ्या भाषेत उतरवल्या, बाकीचं सीमध्येच ठेवून तिने दोन्ही जोडलं.

रविवारी खालून भंगारवाल्याची हाक आली, तेव्हा माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं, ‘उठलो’.

मित्रांनो, एक भाग बंद पडला म्हणून सगळंच टाकू नका. उरलेल्याला काय येतं, ते आधी विचारा.

“अहो, उठायचा नाही म्हणाला होतात ना?” आई बाबांना म्हणाली. बाबा चष्मा पुसून पुन्हा वाचत होते.

“आई, बाबा, भंगारवाल्यांना फक्त रद्दी द्या,” प्रियदर्शनी म्हणाली. “हा उद्या माझ्याबरोबर शाळेत येतोय. आणि कपडे आता दुसरीकडे ठेवायचे.”