लाल गाडीतला झिजलेला बुश

मी बुश बोलतोय. ओळखलं नसेल तर तुमचा दोष नाही. ज्याच्या गाडीत मी झिजलो, त्यालाही मी आहे हे ठाऊक नव्हतं. मी नायलॉनचा आहे, अंगठीएवढा, कधीकाळी पांढरा होतो. गिअरचा दांडा तुम्ही वरून हलवता, तो खाली एका सळईला ढकलतो आणि ती सळई गिअरबॉक्सला. दांडा आणि सळई जिथे भेटतात, त्या सांध्यात माझी जागा. दांड्याच्या मुठीला चामड्याचं वेष्टण असतं, दसऱ्याला हळदकुंकू मिळतं, झेंडूचं फूल मिळतं. माझ्या वाट्याला नुसता अंधार.

कारखान्यात साच्यातून आम्ही हजारोंनी बाहेर पडलो. माझं नशीब थोर, मला स्पोर्ट्स कार मिळाली. लाल, दोन दारांची, जमिनीला चिकटून पळणारी. पहिला मालक नागपूरचा डॉक्टर होता. कमी बोलणारा माणूस, गिअर टाकला की हात काढून घ्यायचा. पुढे त्याने गाडी विकली आणि आम्ही आलो आंबागडला, प्रितमकडे.

प्रितमची धानाची मिल आहे. गावातल्या गतिरोधकांवर आमच्या गाडीचं पोट घासायचं, तरी हौसेला मोल नसतं म्हणतात ना! मिलच्या अंगणात, तुसाच्या ढिगाशेजारी ती उभी राहायची आणि येणारा-जाणारा तिच्यासोबत फोटो काढायचा.

प्रितमला एक खोड होती. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा कायम गिअरच्या मुठीवर. ऐटीत. त्या हाताचा भार कुणी सोसायचा? मी. तुमसरपर्यंत, भंडाऱ्यापर्यंत आणि परत.

डोमा मिस्त्रीने त्याला एकदा बजावलंही होतं. डोमाचं गॅरेज तुमसरच्या रस्त्यावर आहे. "प्रितमभाऊ, या सांध्याले घट्ट ग्रीस लावू नोका. रबराची टोपी फाटली का मले दाखवा, बस."

टोपी फाटली. दाखवली नाही. आणि दसरा आला. दसऱ्याला मिलमध्ये सगळ्या यंत्रांना धुऊन-पुसून वंगण देतात, मग पूजा. त्या दिवशी प्रितमच्या हातात बेअरिंगच्या काळ्या ग्रीसचा डबा होता आणि अंगात उत्साह होता. गाडीला तरी उपाशी का ठेवायचं? गिअरखालचं झाकण उघडून त्याने माझ्यावर ग्रीसचा गोळा थापला. "मिलच्या येवढाल्या बेअरिंगले चालते, याले काय होते?" असं स्वतःशीच म्हणाला आणि नारळ फोडला.

दिवाळीनंतर नवं धान आलं, मिल दिवसभर चालू लागली. तुसाची बारीक धूळ फाटक्या टोपीतून आत आली आणि त्या ग्रीसला चिकटली. तूस हातावर चोळून बघा, किती खरखरीत असतं ते. प्रत्येक गिअरला मी थोडा थोडा खरवडला जात होतो. पूजेच्या ग्रीसने मला मारलं, हे सांगायची मला आज लाज वाटत नाही.

याच दिवसांत मेघाला नोकरी लागली. मेघा म्हणजे प्रितमची बायको. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम, त्यासाठीच ती शिकली होती. लग्नानंतर सहा वर्षांनी पहिल्यांदा कुणी तिला बोलावलं होतं. सकाळी सातची ड्युटी, आणि गावातून त्या वेळेला पोहोचवणारी एसटी नाही. माहेरी ती ट्रॅक्टर चालवायची. प्रितम म्हणाला, आठ दिवस गाडी चालवून दाखव, मग बघू.

तिचा हात मला आवडला. क्लच पूर्ण दाबायची, गिअर टाकायची, हात काढून घ्यायची. तिसऱ्याच दिवशी तिने घरी सांगितलं, "अहो, दांडा सैल लागून राहिला. क्लच बरोबर आहे. कोणाले तरी खालून पाहाले सांगा ना."

"तुले काय समजते त्यातलं?" प्रितम म्हणाला.

सहाव्या दिवशी मी फाटलो. गावापासून चार-पाच किलोमीटरवर दुसरा गिअर पडेना. मेघा घाबरली नाही. पहिल्या गिअरमध्येच, हळूहळू, तिने गाडी घरापर्यंत आणली. दुसऱ्या कुणी आणली असती तर चावडीवर कौतुक झालं असतं. तिच्यासाठी अंगणात प्रितमचं वेगळंच वाक्य तयार होतं.

"बाईच्या हाती गाडी देल्ली का असंच होते. गिअरबॉक्सच फोडला हिनं!"

गाडी ओढून डोमाकडे नेली. दांडा सैल लागतो असं मेघा म्हणत होती, हेही प्रितमने हसत सांगितलं. डोमा गाडीखाली शिरला. "प्रितमभाऊ, गाडीमंदी बसा. पहिला टाका. आता दुसरा. न्यूट्रल." मग त्याने सळई हाताने चाचपली. "वरचा दांडा हलून राहिला, खालची सळई जागची हलत नाही. गिअरबॉक्सले काही नाही झालं."

त्याने मला बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं. "हे पाहा. ग्रीसमंदी तूस बसलं, त्याचा पालिशपेपर झाला. अन् तुमी वरून हात ठेवता, त्याचा भार बी यालेच. वहिनीचं काही चुकलं नाही. त्याईनं बरोबर सांगतलं होतं."

प्रितमने इकडेतिकडे पाहिलं. गॅरेजात तिसरं कुणी नव्हतं.

डोमाने सांधा धुतला, नवा बुश बसवला, दांडा न्यूट्रलला आणून सळईची लांबी जुळवली, नट आवळला, नवी टोपी चढवली. तासाभराचं काम. निघताना म्हणाला, "वहिनीले सांगजा बरं."

"दे तो बुश इकडं," प्रितम म्हणाला. "घरी दाखवतो."

खिशात पडल्या पडल्या मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं! आयुष्यभर अंधारात राहिलो, आता निदान एका बाईच्या बाजूने साक्ष देईन. मी मूर्ख होतो.

घरी मेघा दारातच उभी होती. "काय निघालं?"

"गिअरबॉक्सचं काम होतं. झालं एकदाचं. आता चाबी मागू नको."

"मंग ड्युटीचं?"

"गाडी सांभाळता आली नाही, नोकरी काय सांभाळशील?"

मी खिशात होतो. तिच्यापासून वीतभर अंतरावर.

सकाळी तिने सदरा धुवायला घेतला, खिसे चाचपले आणि मला बाहेर काढलं. बोटांत फिरवून पाहिलं. "अहो, हे काय होय?"

आतून आवाज आला, "काही नाही. फेक."

तिने मला फेकलं. तिच्याच हाताने.

न्हाणीमागच्या राखेच्या ढिगात मी पडलो आहे. मला पुन्हा कोणत्या गाडीत बसायचं नाही, माझं झिजणं संपलं. पण तुमच्या घरात काही बिघडलं आणि सगळ्यांची बोटं एकीकडेच वळली, तर बाबांनो, आधी खाली वाका, हात काळे करा, मग तोंड उघडा. आणि सापडलेली खरी गोष्ट खिशात घालून घरी नेऊ नका.

त्याच सकाळी, ओल्या हातांनी, मेघाने न्हाणीच्या आडोशाला उभं राहून दवाखान्यात फोन केला. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"नाही जमत सर, दुसऱ्या कोणाले घ्या. गाडी होती ना, पण माझ्या हातून बिघडली."