सभेतलं बटाट्याचं सॅलड

वेंडेलिन आशहोफने भाषण पाठ केलं होतं. कागद खिशात होता, पण तो बघून वाचायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

कोलोनच्या त्या सभागृहात विमा कंपनीच्या भागधारकांची वार्षिक सभा भरली होती. यंदा लाभांश द्यायचाच नाही, त्या पैशांतून दुसरी एक कंपनी विकत घ्यायची, असा संचालकांचा ठराव होता. संध्याकाळी त्यावर मतदान होणार होतं.

नोकरीत असल्यापासून वेंडेलिन याच एका कंपनीचे शेअर घेत आला होता. माणसं विमा काढायची थोडीच थांबणार आहेत, एवढाच त्याचा विचार. आणि खरंच, दर मे महिन्यात लाभांश बिनबोभाट जमा व्हायचा. त्याच्या जोरावरच वृद्धाश्रमात त्याच्या बायकोला, गेर्लिंडेला, ऱ्हाईन नदीकडे खिडकी असलेली, एकटीची खोली मिळाली होती. तिचा जन्म मालवाहू बोटीवरचा. नदी दिसली नाही तर तिला जेवण जात नसे. लाभांश बुडाला की तिला मागच्या अंगाच्या खोलीत, दुसऱ्या कुणा बाईबरोबर राहावं लागणार होतं.

सकाळीच त्याने बोलणाऱ्यांत नाव दिलं. पण अध्यक्ष बोलले, मग ढिगाने शेअर असलेल्या मोठ्या फंडांची माणसं, मग वकील. दुपार कलली तरी त्याचा पुकारा नाही.

"अहो आशहोफ, सॉसेज संपत आलेत," शेजारच्या खुर्चीवरच्या टीट्झेबाई कुजबुजल्या. त्या असल्या सभा एकही चुकवत नसत. "यंदा लाभांश म्हणजे तेवढंच समजा. डबा आणलाय ना?"

आणला होता. दर वर्षी सभेत फुकट मिळणारं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज तो गेर्लिंडेसाठी घेऊन जाई. बरेच म्हातारे नेत, आणि वाढणारे दुसरीकडे बघत. "कंपनीच्या पैशाचं आहे, म्हणून चव आहे," असं गेर्लिंडे म्हणायची.

"आणि माझं नाव पुकारलं तर?"

"तो दाढीवाला वकील उठलाय आता. तो काय इतक्यात खाली बसतोय! जा तुम्ही."

बाहेर खाण्याची रांग हलता हलत नव्हती. शेवटी डबा भरला, तर झाकण बसेना. तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, "श्री. वेंडेलिन आशहोफ."

तो धावला. दारावरच्या माणसाने हात आडवा धरला.

"साहेब, खाण्याचं आत नेता येत नाही."

"अहो, माझंच नाव पुकारतायत!"

"मग डबा ठेवून जा."

ठेवणार कुठे? जवळ टेबल नव्हतं, आणि टाकलेल्या बशा गोळा करणारी गाडी फिरत होती. वेंडेलिन डबा छातीशी धरून इकडेतिकडे बघत राहिला.

"श्री. आशहोफ हजर नाहीत. पुढचे वक्ते."

"आहे! मी आहे हो!" डबा त्या माणसाच्या हातात कोंबून तो आत घुसला. तोवर व्यासपीठावर दुसराच कुणी घसा साफ करत होता.

"नाव पुन्हा देता येईल," नावं नोंदवणारी मुलगी अदबीने म्हणाली. "सगळ्यांच्या शेवटी."

त्याने दिलं. पण शेवटापर्यंत सभा पोचलीच नाही. वेळ संपली म्हणून अध्यक्षांनी भाषणं थांबवली आणि ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला.

"तुम्ही बोलला असतात तरी फंडवाल्यांनी हेच केलं असतं," टीट्झेबाई म्हणाल्या.

"ते मला कळतं हो!" तो इतक्या जोरात ओरडला की दोघेतिघे वळले. "पण त्यांना ऐकावं तर लागलं असतं!"

दारावरच्या माणसाने डबा जपून ठेवला होता. झाकणही नीट बसवलं होतं.

गेर्लिंडे खिडकीशीच बसली होती. "बोललास?"

"नाही. पुकारलं तेव्हा रांगेत होतो."

"कसल्या रांगेत?"

त्याने डबा पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"गाढवा! एक वर्ष सॅलड नसतं खाल्लं तर मेले असते का मी?"

तिने डबा उघडला, गार सॉसेजचा तुकडा तोडला आणि खाल्ला. खालून कोळशाची बोट सावकाश चालली होती.

"म्हण आता," ती म्हणाली.

"काय?"

"भाषण. पाठ केलंयस ना?"

तो उभा राहिला. "सन्माननीय अध्यक्ष महाशय..."

"मोठ्याने," गेर्लिंडे नदीवरची नजर न काढता म्हणाली. "त्या मागच्या खोलीपर्यंत ऐकू जाऊ दे."