निर्वीचा पहिला दात

भूमिका मेंदूज्वरानं गेली, तेव्हा तिची निर्वी जेमतेम बसायला शिकली होती. दिवसकार्य आटोपल्यावर तिच्या नवऱ्यानं, मोहितनं, पोरगी आपल्या थोरल्या भावजयीच्या, कामिनीच्या मांडीवर ठेवली. "वहिनी, आता तुम्हीच पाहा हिले. मले काही समजत नाही," एवढंच तो बोलला.

कामिनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि आता होईल असं घरात कुणी म्हणतही नव्हतं. वाडीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती गांधीबागेच्या बाजारातल्या दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिनं मशीन कोपऱ्यात सरकवली आणि त्या जागी निर्वीची गादी घातली.

निर्वी तिच्या हातून बाटली घेऊ लागली. मऊ भात खाऊ लागली. झोपताना कामिनीचा पदर मुठीत धरू लागली. कामिनी बाहेर काही बोलायची नाही, पण मनातल्या मनात ती स्वतःला आई म्हणू लागली होती. भूमिकाच्या फोटोसमोर दिवा लावताना तिला त्याची लाजही वाटायची.

ऊन तापायला लागलं आणि पोरीचे दात सुरू झाले. हिरड्या लालबुंद सुजल्या, लाळेनं झबलं सारखं ओलं. आणि निर्वीनं तोंड मिटून घेतलं. चमचा दिसला की मान फिरवायची, बाटली हातानं ढकलायची. डॉक्टर म्हणाले, "दात येताना असं होतंच. थंड, पातळ, थोडं थोडं द्या. जबरदस्ती मात्र करू नका."

कामिनीनं गार दही दिलं, केळं कुस्करून दिलं, साबुदाण्याची पेज दिली. गच्चीवर नेऊन अमरावती रोडवरचे ट्रक दाखवले. "तो पाहा केवढा मोठा ट्रक, पाहा वं माय!" निर्वी आ करून बघायची, तेवढ्यात कामिनी चमचा आत घालायची, आणि सगळं हनुवटीवरून खाली यायचं. पोरीच्या मांड्या सैल पडल्या. रडण्याचा आवाजही बारीक झाला.

पुन्हा दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "असंच राहिलं तर भरती करावं लागेल."

भूमिकालाही भरतीच केलं होतं. कामिनी रिक्षात पोरीला छातीशी घट्ट धरून बसली. त्या दुपारी घरी कूलरसमोर ती पोरीला भरवायला बसली. वरण-भाताची वाटी समोर होती आणि निर्वी ओठ आवळून बसली होती. कामिनीनं तिला मांडीवर आडवं घेतलं, हात आपल्या काखेत दाबले, गाल चिमटीत धरून तोंड उघडलं आणि घास आत लोटला. मग दुसरा. पोरीला ठसका लागला. चेहरा जांभळा पडला, डोळे पांढरे झाले. कामिनीनं तिला पालथं करून पाठीवर थापट्या मारल्या. सगळं ओकून पडलं आणि मग कुठं निर्वीला रडू फुटलं.

मोहित दारात उभा होता. गोडाऊनमधल्या कामावरून जेवायला घरी आला होता.

"वहिनी, काय करून राहिल्या तुम्ही?"

"तिनं काहीच खाल्लं नाही, भाऊजी. ते भरती करतो म्हणून राहिले..."

त्यानं निर्वीला उचललं आणि न जेवताच बाहेर गेला. संध्याकाळी काटोलला सासूला फोन केला.

कामिनी नवऱ्याजवळ रडली. विक्की म्हणाला, "पोरगी त्याची आहे, कामिनी. आपण काय म्हणणार?"

भूमिकाची आई, अंजनाबाई, दुसऱ्या दिवशी सकाळी आली. एकही वाईट शब्द बोलली नाही. लेकीच्या फोटोला हात लावून डोळे पुसले आणि झबली पिशवीत भरायला लागली. कामिनीनं पेज कोमट करून निर्वीला शेवटचं मांडीवर घेतलं. खाईल अशी आशा तिला नव्हती. पण चमचा ओठांशी नेला आणि आत खुट्ट वाजलं. तिनं बोटानं चाचपलं. खालच्या हिरडीतून तांदळाएवढं टोक बाहेर आलं होतं. निर्वीनं घास गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.

"मावशी! दात आला! खाऊन राहिली, पाहा!" कामिनी ओरडली. "आता खाते ती. राहू द्या ना तिले इथं."

अंजनाबाईनं वाकून पाहिलं. "बरं झालं वं बाई," ती म्हणाली, "रस्त्यात रडणार नाही." आणि तिनं पिशवीची चेन लावली. मोहित खाली रिक्षा थांबवून उभा होता. कामिनीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

त्यानंतर कामिनी रोज काटोलला फोन करायची. अंजनाबाई फोन निर्वीच्या कानाला लावायची. कामिनी बोलायची, पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. एक दिवस अंजनाबाईनं फोन तिच्या कानाला लावला नाही.

"पोरी, राग नको मानू. तुहा आवाज ऐकला का ती दाराकडं पाहत बसते. मंग दिवसभर घास घेत नाही. फोन नको करू आता."

"बरं मावशी," कामिनी म्हणाली.

मोहित दर रविवारी लेकीला भेटून येतो. तिला आणखी दोन दात आले, पोळी चावते, अंजनाबाईला माय म्हणते, असं विक्कीला सांगतो. कामिनी आतून ऐकते. तिनं पुन्हा फोन केला नाही.